मराठी मागण्याआधी थोडी देऊ या

माझ्या घरात मराठी बोलत नाहीत. आजी, आई, वडील, आत्या सगळे तेलुगूत बोलतात, तेलुगूतच रागावतात आणि देवापुढे हात जोडतानाही तेलुगूच तोंडात असते. मी लिहिते मात्र मराठीत, आणि त्यावरच माझं पोट चालतं. पुण्यात एका प्रकाशकाकडे मी मुद्रितं तपासते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, त्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाताखालून जातात. हे कळलं की लोक म्हणतात, "तेलुगू असून मराठी इतकी स्वच्छ!" त्या बोलण्यातली माया मला कळते, पण ते कौतुक माझं नाही असं मनापासून वाटतं. माझी मराठी मला लोकांनी दिली आहे. देणारी माणसं कोण, ते मला एकेक करून आठवतं. त्यांनी ती कशी दिली हे आज सांगायला हवं, कारण सध्या मराठी मागण्यात आपण इतके गुंतलो आहोत की ती देण्याचं राहूनच चाललं आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. पूर्व भाग म्हणजे पद्मशाली विणकरांची वस्ती. निजामाच्या मुलखातून, करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर या बाजूंनी आमचे पूर्वज पोटामागे इकडे आले. कुणी हातमागावर बसले, कुणाला गिरणीनं ओढलं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, गल्लीबोळांत यंत्रमाग खडखडू लागले, चादरी आणि टॉवेल निघू लागले. बायकांच्या हाताला विडीचं काम होतंच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्राच्या दिवसांत फुलांची बतुकम्मा रचून बायका तिच्याभोवती फेर धरतात. दुकानाची पाटी मराठी, आतलं बोलणं तेलुगू, शेजारच्या गल्लीत कन्नड, त्याच्या पलीकडे उर्दू. महापालिकेच्या शाळाही या साऱ्या भाषांतून चालत आल्या.

आमच्या वाड्यात मराठी घर एकच. काकूंचं. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते. काकूंना तेलुगू झकास यायची. माझ्या नानम्माशी, म्हणजे वडिलांच्या आईशी, त्या बाजारभावापासून सुनांच्या गाऱ्हाण्यांपर्यंत सगळं तेलुगूतच बोलायच्या. आम्हा पोरांशी मात्र मराठीच. मी तेलुगूत काही मागितलं तरी उत्तर मराठीत यायचं. मी मराठीत सुरुवात केली आणि मध्येच अडले की त्या थांबायच्या. हात तव्यावर चालूच असायचा, "हां, बोल की" म्हणायच्या, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये पडायच्या नाहीत. मराठीतली लिंगं तेलुगू माणसाला फार छळतात. पापड तो, भाकरी ती आणि लोणचं ते. मी म्हणायची, "काकू, माझा चप्पल सापडत नाही." त्यावर त्या, "कुठं टाकलीस गं तुझी चप्पल? बघ, पायरीखाली असेल." चूक काढली असं कधी वाटलंच नाही, बरोबर रूप तेवढं कानावर पडायचं. मोठी झाल्यावर मुलांच्या भाषाशिक्षणाबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की या रीतीवर जगभर अभ्यास झाले आहेत. काकूंनी सातवीपुढची शाळा पाहिली नव्हती.

पहिलीच्या बाईंचंही असंच. आमचा निम्मा वर्ग तेलुगू घरांतला. बाईंनी प्रत्येक बाकावर दोन्ही भाषा समजणारं एकेक पोर बसवलं होतं. तेलुगूत दिलेलं उत्तर बरोबर असेल तर त्या ते बरोबरच धरायच्या, मग तेच मराठीत सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यायच्या. "घरी मराठीच बोला" असं त्यांनी आमच्या आई-वडिलांना एकदाही सांगितलं नाही. आता पालकसभांमधून "घरी इंग्रजीत बोलत जा" असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकला की बाईंचं मोठेपण मला नव्यानं कळतं. घरची भाषा खाली ठेवायला न लावता त्यांनी मला दुसरी दिली. म्हणून बतुकम्माची गाणी आजही मला तोंडपाठ आहेत आणि नानम्माशी माझं नातं तुटलं नाही.

पण मला मराठी सगळ्यांत जास्त दिली ती मराठी वाचता न येणाऱ्या बायकांनी.

नानम्मा विड्या वळायची. विडीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. पानं आदल्या रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून एकसारखी कापायची, मांडीवर सूप घ्यायचं, पानात चिमटीनं तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत. दुपारी चार-पाच जणी आमच्या अंगणात सुपं घेऊन बसायच्या. हात मोकळे नसायचे, कान मोकळे असायचे. काकूंकडचा पेपर दुपारी वाचून झाला की आमच्याकडे यायचा, आणि शाळेतून आल्यावर तो मोठ्यानं वाचायचं काम माझं.

त्या वाचनाचे नियम त्या बायकांनी ठरवले होते. आधी सोलापूरच्या बातम्या. मग अपघात, मग कोर्टकचेरी, मग निधनवार्ता, कारण कुणाकडे भेटायला जायचं ते त्यातून कळे. राजकारण शेवटी, आणि तेही थोडक्यात. मी भराभर वाचायला लागले की नानम्मा म्हणायची, "मेल्लगा, मेल्लगा." हळू वाच. एखादा शब्द अडला की पाचही जणी माझ्याकडे बघायच्या, आणि त्याचा अर्थ मला तेलुगूत सांगायला लागायचा. अटकपूर्व जामीन म्हणजे काय, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कुठून माहीत असणार? मी उठून काकूंना विचारून यायची आणि अंगणात येऊन सांगायची. त्यांना पटेपर्यंत सांगायची, कारण त्या अर्धवट उत्तरावर सोडायच्या नाहीत. शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही आज माझ्या कामाची सवय आहे. ती मला त्या अंगणात लागली. दर जानेवारीत १२ तारखेला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर लेख यायचा. १९३१ साली फाशी गेलेले आमच्या गावचे हे चार हुतात्मे. ती नावं वाचताना हात चालू असायचे, बोलणं मात्र थांबायचं.

एक बातमी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली होती. २००६ सालची. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. तिच्या कार्यक्रमाला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. अंगणातल्या एकीनं त्या सोसायटीत नाव घातलं होतं आणि विड्यांच्या पैशातून हप्ते भरले होते. तिनं मला ती बातमी परत वाचायला सांगितली. मग नुसता आकडा परत वाचायला सांगितला. मग म्हणाली, "आता 'विडी कामगार' लिहिलंय ते कुठंय ते दाखव." मी बोट ठेवलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि त्या दोन शब्दांवर आपलं बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिली. छापलेली अक्षरं माणसासाठी काय करू शकतात, ते मी तिथं पाहिलं.

त्या वाचनाचा सरळ उपयोगही झाला. नानम्माचं नाव भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर एक, रेशन कार्डावर दुसरं आणि बँकेच्या पुस्तकात तिसरंच होतं. तेलुगू नावं देवनागरीत उतरताना मोडतात, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पैसे काढायची वेळ आली तेव्हा एका कार्यालयातून तिला बरेचदा परत पाठवलं. मी नववीत होते. मी अर्ज लिहिला. "उपरोक्त विषयास अनुसरून" पासून "आपली विश्वासू" पर्यंतची सगळी भाषा मला पेपरातल्या जाहीर नोटिसांनी दिली होती. अर्ज मंजूर झाला, नाव दुरुस्त झालं, पैसे मिळाले. त्यातून घरावरचे पत्रे बदलले. भाषेनं माझ्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर मी ते पत्रे दाखवते.

पुढे वाचनालय आलं, कॉलेज आलं. आमच्या गल्लीतल्यांनी मराठीत लिहायचं असतं, हे लक्ष्मीनारायण बोल्लींची पुस्तकं हाती आल्यावर उमगलं. आमच्याच समाजातले, आमच्याच गावचे. त्यांनी मराठीत कविता लिहिली, तेलुगूतलं मराठीत आणलं आणि 'एका साळियाने' हे आत्मकथन लिहिलं. सोलापुरात अशी येजा जुनी आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे, पण कन्नडचे थोर कवी झाले, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ते १९४४ पासून १९५६ पर्यंत सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही १९९० साली सोलापुरातच भरलं. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी आपली मातृभाषा म्हणून सांगितली. मी त्या आकड्यात नाही, आमच्या घराची नोंद तेलुगूत आहे. पण मराठीत लिहिणारं, वाचणारं, मराठी वृत्तपत्र विकत घेणारं माझ्यासारखं कितीतरी माणूस त्या आकड्याबाहेर आहे, आणि ते वाढायला हवं असेल तर ते वाढतं कसं, हे नीट पाहायला हवं.

आता आजचं बोलते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा मलाही आनंद झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मी होते. २९ जूनला सरकारनं तो मागे घेतला ते योग्यच झालं. सहा वर्षांचं मूल घरची एक आणि शाळेची एक अशा दोन भाषा आणि दोन लिप्या सांभाळताना किती दमतं, हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे. त्यात तिसरीचं ओझं टाकणं मुलांच्या हिताचं नव्हतं. पण त्याच दिवसांत मराठी येत नाही म्हणून एका दुकानदाराला मारहाण झाल्याचं चित्रणही आपण सगळ्यांनी पाहिलं. माझ्या आजोबांच्या पिढीला सोलापुरात मोडकीतोडकीच मराठी येत होती. त्यांच्या गालावर कुणी चापट मारली असती तर माझ्या घरातून मराठीत एक ओळही लिहिली गेली नसती. चापट खाल्लेला माणूस ती भाषा घाबरून चार वाक्यांपुरती पाठ करतो, मुलांना तिच्या जवळ नेत नाही.

तरीही सगळा दोष हात उगारणाऱ्यांवर टाकून आपण सुटत नाही. मी राहते त्या सोसायटीत ओडिशातला एक तरुण पहारेकरी आहे. त्यानं ऐकून ऐकून मराठी उचलली आहे. तो खालून फोन करतो, "ताई, पार्सल आलंय." वरून उत्तर येतं, "किसका है?" तो पुन्हा मराठीत सांगतो, "चारशे दोनचं." "ठीक है, भेज दो." उत्तर देणाऱ्या बाई पक्क्या मराठी. अशिष्टपणा त्यांच्या मनात नसतो, उलट समोरच्याला सोपं जावं म्हणूनच त्या हिंदीत शिरतात. पण त्या मुलाला दिवसभरात जितक्या वेळा मराठी ऐकायला मिळायला हवी, तितक्या वेळा ती त्याच्यापासून काढून घेतली जाते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, दवाखान्यातल्या केरळच्या नर्सशी आपण हेच करतो. आणि संध्याकाळी म्हणतो, ही माणसं इतकी वर्षं इथं राहून मराठी शिकत नाहीत. काकूंना तेलुगू येत होती. माझ्याशी तेलुगूत बोलणं त्यांना दहापट सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही, म्हणून मी आज इथं लिहिते आहे. ज्याला मराठी बोलायची आहे त्याच्याशी हिंदीत न शिरणं आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं, एवढं तर आपण प्रत्येकानं करावंच. त्याला पैसा लागत नाही.

पैसा आणि व्यवस्था लागते ती पुढच्या गोष्टीला. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. म्हणजे मुलांसाठी निदान कायदा आहे. मोठ्यांसाठी काय? बारा तासांची पाळी करणाऱ्या पहारेकऱ्यानं, बांधकामावरच्या छत्तीसगडच्या मजूर बाईनं, बदलून आलेल्या बँक कर्मचाऱ्यानं शिकायचं ठरवलं तर जायचं कुठं? पुस्तकं नाहीत असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' ही पुस्तकमाला केली आहे. मुलांच्या बाबतीत डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात वस्त्यांवर आणि बांधकामांवर पोचली आहे. मोठ्या माणसाच्या कामाच्या जागेजवळ, त्याला जमेल त्या वेळी, बोलायला बसेल असं कुणी मात्र नाही.

जागेचं उत्तर माझ्यापाशी आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालयं गावोगाव उभी आहेत. दुसऱ्या राज्यांना हेवा वाटावा असं हे जाळं आहे. तिथल्या सेवकांना मिळणारा पगार बोलायलाही संकोच वाटावा इतका कमी आहे, तो वाढलाच पाहिजे, आणि तो न वाढवता त्यांच्यावर नवं काम लादणं मला मान्य नाही. पण प्रत्येक 'अ' आणि 'ब' वर्गाच्या वाचनालयानं आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास आपली खोली मराठी बोलण्याच्या वर्गाला द्यावी, शिकवणाऱ्याला सरकारनं मानधन द्यावं आणि वर्ग शिकणाऱ्याला फुकट असावा, एवढं करायला फार मोठं धोरण लागत नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. ठिकठिकाणी सत्कार होतात, फेटे बांधले जातात, भाषणं होतात. त्या खर्चातला काही भाग इकडे वळवला तरी सुरुवात होईल. त्या वर्गात व्याकरण नको. रेशन दुकानात काय बोलायचं, मुलाच्या बाईंना काय विचारायचं, पोलीस चौकीत तक्रार कशी सांगायची, दवाखान्यात कुठं दुखतं ते कसं सांगायचं, एवढं हवं. आणि पेपर मोठ्यानं वाचायला हवा. त्याचं मोल मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

काहीजण म्हणतील, आपण आपलीच पोरं इंग्रजी शाळांत घालतो, परक्यांना मराठी शिकवून काय होणार? मला हा प्रश्न समजतो, पण पटत नाही. मराठी शाळा टिकवणं आणि बाहेरून आलेल्याला मराठी देणं ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. आमच्या पूर्व भागात मराठी शाळांचे वर्ग कित्येक वर्षं तेलुगू मुलांनी भरलेले होते. ज्या घरात ही भाषा नव्यानं आली, त्या घराला तिचं अप्रूप जास्त असतं. पेपर बंद करायची वेळ आली तरी माझ्या वडिलांनी तो बंद केला नाही. त्यांना तो अडखळतच वाचता येतो, पण त्यात माझं नाव कधी छापून येईल म्हणून ते रोज पानं उलटतात.

आता मी राहते त्या भागातल्या वाचनालयाला मी पत्र दिलं आहे. तिथला वरचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. शिकवायला मी आहे, कामावरच्या दोन मैत्रिणी तयार आहेत. पुस्तकं आम्ही आणू. पहारेकऱ्यांची पाळी सातला बदलते, तेव्हा मंगळवार आणि शुक्रवारी साडेसातची वेळ मागितली आहे. कार्यकारिणीची बैठक या महिन्यात आहे.